पाव्हन्याचा माठ

आमच्या घरात माठ दोन. मोठ्या माठात रोजचं पाणी, म्हणजे दारासमोरच्या हापशीचं. त्या माठाच्या अंगावर बाहेरून मीठ फुटतं, पांढरं पांढरं, आणि दर पंधरवड्याला ते काथ्याने घासून काढावं लागतं. दुसरा माठ लहान, लाल, तिवईवर वेगळा ठेवलेला. त्यावर पितळी झाकण. तो पाव्हन्याचा माठ. घरच्या माणसाने त्याला हात लावायचा नाही, ताप आला तरी नाही. माझ्या सासूबाईंचा हा कायदा, आणि त्यांच्या सासूबाईंचाही हाच होता म्हणे.

आमचं गाव तेल्हारा तालुक्यात, पूर्णेच्या काठाजवळ, भर खारपाण पट्ट्यात. जमिनीखालचं पाणी खारं. त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, चहा केला तर दूध फाटतं, साबणाला फेस येत नाही. वर जमीन बघाल तर काळीभोर, कापूस-तुरीची. पण विहिरीचं पाणी दिलं की उभं पीक माना टाकतं, म्हणून जे काय पिकवायचं ते पावसाच्या भरवशावर. नळ आठ-दहा दिवसांनी येतो, आला तर आला. नाहीतर आमचे हे हिवरखेडच्या बाजाराला जातात तेव्हा तिकडून गोड्या पाण्याच्या दोन कॅन गाडीला बांधून आणतात. त्यातलं पहिलं पाणी लाल माठात.

मी अमरावतीची. लग्न होऊन आले तेव्हा पहिले पाच दिवस मला लाल माठातलं पाणी मिळालं. मी मनात म्हटलं, लोक उगाच बोंबा मारतात खारपाणाच्या नावाने, किती चांगलं पाणी आहे! सहाव्या दिवशी सासूबाईंनी मोठ्या माठातला गिलास माझ्या हातात दिला. एकच घोट घेतला नि डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "पी माय, पी. आता तू पाव्हनी नाही राह्यली. घरची झाली." मला असा संताप आला की मी त्यांच्याकडे बघत बघत तो आख्खा गिलास पिऊन टाकला. माझा स्वभाव तेव्हापासून असाच आहे. रागाच्या भरात मी काहीही गिळते.

ही झाली जुनी गोष्ट. सांगायचं आहे ते अलीकडचं, आणि आता सगळं पार पडलंय म्हणून हसत हसत सांगता येतं. तेव्हा माझी काय गत झाली होती ते माझं मला माहीत.

गावात बातमी आली की पूर्णेच्या खोऱ्याचं खारेपण आटोक्यात आणायचा आराखडा तयार होऊन राहिला आहे. नदीवर नि नाल्यांवर जागोजाग बंधारे घालायचे, पावसाचं गोडं पाणी अडवून जमिनीत मुरवायचं, शेताशेतातून झिरपणारं खारं पाणी वेगळ्या चरांनी काढून द्यायचं, वर शेततळी. ऐकायला छानच. आमच्या लोकांनी ऐकलं आणि तंबाखू मळत बसले. आजवर किती साहेब आले, फोटो काढले, गेले.

या वेळी आलेली इंजिनेर बाई मात्र वेगळी निघाली. माझ्या लेकीच्या वयाची, नाशिककडची, डोक्याला रुमाल बांधून उन्हात शेताच्या बांधाबांधाने, धुऱ्याधुऱ्याने फिरणारी. पहिल्याच सभेत म्हणाली, "हा आराखडा आम्ही ऑफिसात बसून करणार नाही. गावाचं पाणी गावाला कळतं. तुम्ही सांगायचं, आम्ही लिहायचं." सरपंच माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "काहून वो, निवडणूक आली काय जवळ?"

मी तेव्हा गावच्या पाणी समितीत होते. बायका हव्यात म्हणून घातलेलं नाव, पण एकदा घातल्यावर मी कोणाला सोडते काय? बाईने शाळेच्या व्हरांड्यात आम्हा बायकांना गोळा केलं आणि रांगोळीने गावाचा नकाशा काढायला लावला. नदी, नाला, मारुतीचं देऊळ, मशीद, विहिरी, हापशा. मग म्हणाली, जिथलं पाणी खारं तिथे कुंकू टाका, मध्यम असेल तिथे हळद. बाप्पा! घटकाभरात सगळा व्हरांडा लाल. हळदीची पुडी उघडायची वेळच आली नाही. बाईने मोबाइलवर त्याचा फोटो काढला. ज्या संसारात आपण इतकी वर्षं तोंड वाकडं करून पाणी प्यालो, त्याची कोणीतरी नोंद घेतंय, याचं मला फार बरं वाटलं.

जाताना बाईने एक गोष्ट स्पष्ट सांगितली. सगळी गावं पहिल्या टप्प्यात बसणार नाहीत. पाणी तपासलं जाईल, आणि ज्यांचं जास्त खारं त्या गावांत आधी काम. बाकीच्यांचा नंबर कधी लागेल ते तिलाही सांगता येणार नाही.

तपासणीसाठी तिने समितीतल्या चार बायकांना चार बाटल्या दिल्या. गावाच्या चार कोपऱ्यांना चार. तिच्या मोठ्या साहेबांचं म्हणणं होतं की नमुने खात्याच्या माणसांनीच भरावे. हिने हट्ट धरला की नाही, लोकांचा सहभाग म्हणायचा तर लोकांच्या हाती द्या, विश्वास ठेवा. "उद्या सकाळी तुमच्या हापशीचं पाणी भरून ठेवा, ताई. दुपारी गाडी येऊन घेऊन जाईल. इथे तुमची सही."

सकाळी मी हापशीवर गेले, बाटली भरली, घरी आणून ओट्यावर ठेवली. सासूबाई भाजी निवडत होत्या. बाटलीकडे बघून म्हणाल्या, "कोठी जाऊन राह्यलं हे?"

"अकोल्याला. तपासायला."

"आन् वर नाव कोनाचं हाय?"

बाटलीवर पट्टी होती. तिच्यावर गावाचं नाव, खाली माझं. तळाशी गढूळ साका बसलेला दिसत होता. सासूबाई म्हणाल्या, "मोठमोठे लोक पाह्यतीन. आपल्या घरचं नाव टाकून हे असं पानी धाडतं काय? लाज नाही वाटत?"

आता मी सांगते ते नीट ऐका, कारण इथे मी सगळं सासूवर ढकलू शकले असते. त्या नुसत्या बोलल्या. उठले मी. बाटली मोरीत ओतली मी. आणि लाल माठाचं झाकण काढून, बाटली स्वच्छ विसळून, काठोकाठ गोडं पाणी भरलं ते या माझ्या हातांनी. तपासणीला जातंय हे मला कळत नव्हतं असं नाही. पण तीस वर्षांत हाताला वळणच पडलं होतं की घराबाहेरच्या माणसासमोर जाईल ते लाल माठातलं जाईल. वर मनाची समजूत घातली की इतक्या गावांच्या इतक्या बाटल्या, त्यात आपल्या एकीने काय फरक पडतो. दुपारी गाडी आली. मी बाटली दिली, ड्रायव्हरला चहा पाजला आणि विसरून गेले.

काही महिन्यांनी तालुक्याच्या ऑफिसात आराखड्याचा कच्चा नकाशा लागला. जास्त खारी गावं लाल, मधली पिवळी, बरी हिरवी. सरपंचांनी मोबाइलवर फोटो काढून आणला आणि पारावर सगळे त्याभोवती गोळा झाले. आजूबाजूची गावं लाल. मधे आमचं गाव हिरवंगार.

कोणी म्हणालं प्रयोगशाळेत बाटल्या बदलल्या. कोणी म्हणालं त्या बाईनेच घोळ केला, दिसायला गरीब पण आतून पक्की. सरपंच तर लाल झाले होते रागाने, "सुनावनी हाय तेल्हाऱ्याले. येऊ द्या तिले समोर. तिची नोकरीच खातो मी!" मी तिथेच उभी होते. मी तशीच घरी आले आणि सासूबाईंच्या पुढ्यात जाऊन बसले.

"आई, आपल्यामुळे गाव सुटलं यादीतून."

त्या म्हणाल्या, "एका बाटलीनं गाव सुटते काय?"

"सुटलं ना! बंधारा नाही, तळी नाही, काही नाही. शेजारच्या गावात गोडं पाणी मुरेल आणि आपण असेच मीठ घासत बसू."

सासूबाईंनी लाल माठाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पाव्हन्याले खारं नाही देल्लं आपन. यात पाप कोनतं?" मला वाटलं होतं भांडण होईल, मी तयारीनेच बसले होते. पण ती म्हातारी अशी कानकोंडी होऊन बसली की माझा राग कुठल्या कुठे गेला. उरली ती नुसती भीती. खरं सांगितलं तर गाव मला काय म्हणेल? समितीतली बाई, शिकलेली, अमरावतीची, नि हिनेच गावाला खड्ड्यात घातलं. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "तू गप राह्य. नुसता लेखी आक्षेप देऊ." पण लेखी आक्षेपात लिहायचं काय? माझी सही होती त्या कागदावर.

सुनावणीला गावातून दोन जीपगाड्या भरून माणसं गेली. मीही गेले. सभागृह गच्च भरलेलं, भिंतीवर तो नकाशा, पुढे टेबलाशी खात्याचे मोठे साहेब, त्यांच्या बाजूला ती बाई. अमरावती जिल्ह्यातल्या भातकुलीकडचेही काही शेतकरी आले होते, त्यांचाही पट्टा खाराच, त्यांना त्यांच्या भागासाठी हे काम कसं चालतं ते बघायचं होतं. आमचा नंबर आला तसे सरपंच उठले आणि सुटलेच. प्रयोगशाळा खोटी, नकाशा खोटा, ही बाई खोटी.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "नमुने आमच्या माणसांनी नाही भरले. तुमच्याच समितीने भरले. सह्या आहेत." मग बाईकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "म्हणून मी सांगत होतो. लोकांच्या हाती दिलं की असं होतं. पुढच्या तालुक्यात हा प्रकार बंद."

बाईचा चेहरा उतरला. तिने मोबाइल काढून तो रांगोळीचा फोटो साहेबांपुढे धरला, "सर, त्यांनी नकाशा काढला तेव्हा सगळं गाव लाल होतं. बाटल्या आणि रांगोळी जुळत नाही, हे मी टिपणात लिहिलंय." साहेब म्हणाले, "रांगोळीवर बंधारे बांधता येत नाहीत." सभागृहात लोक हसले. ती खाली मान घालून बसली.

आणि माझं डोकं फिरलं. कोणावर ते मला आजही सांगता येणार नाही. साहेबांवर, सरपंचांवर, स्वतःवर, सगळ्यांवरच. मी उभी राहिले आणि माईक-बिईक काही न घेता बोलले, "साहेब, तिला काहून बोलता? चूक तिची नाही. बाटलीत मी पाव्हन्याच्या माठातलं पाणी भरलं."

साहेबांना कळेना. मग मी सगळं सांगितलं. दोन माठ, लाल माठाचं झाकण, ओट्यावरची बाटली, पट्टीवरचं नाव. मध्ये रडू येत होतं पण मी थांबले नाही. "खारं पाणी द्यायची लाज वाटली, साहेब. आमच्या घरात पाव्हन्याला खारं देत नाहीत. काय करायचं ते मला करा, पण गावाला सोडू नका."

मी गावच्या लोकांकडे बघायला तयार नव्हते. आता शिव्या सुरू होतील, म्हणून पदर घट्ट धरून उभी. तेवढ्यात मागून आवाज आला, "साहेब, मी बी तसंच केलं."

मी वळून पाहिलं. मशिदीकडच्या गल्लीतली समितीतली चाची. ती म्हणाली, "आमच्यात बी मेहमान का मटका अलग रायते. मी त्यातलंच भरलं. म्हटलं, गावाची इज्जत हाय." तिचं बोलणं संपत नाही तोच तिसरी उठली, देवळामागची. "मी तर माहेराहून आनलेलं भरलं, गाळून." चौथी बसल्या जागीच तोंडाला पदर लावून हसू लागली. तिला विचारावंच लागलं नाही.

चार बाटल्या, चारही पाव्हन्याच्या. आधी भातकुलीकडचे लोक हसले, कारण त्यांच्याही घरात तेच. मग आमचं गाव. सरपंच कपाळाला हात लावून म्हणाले, "आता काय बोलू मी? माया बायकोनंच भरली असन चौथी!" आणि खरंच, चौथी त्यांचीच बायको. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं त्यांनाही हसू येत होतं, पण पदाचा मान राखायचा होता. मी मटकन खुर्चीत बसले. इतके दिवस मी एकटी गुन्हेगार होऊन फिरत होते, आणि इथे सगळं गावच एका माळेचे मणी!

साहेबांनी निकाल दिला तो असा. सगळीच गावं उद्या म्हणतील आमचं खारं, म्हणून नुसतं बोलणं चालणार नाही. पुन्हा नमुने घ्यायचे, थेट हापशीतून, गाव नि खातं दोघांच्या डोळ्यांसमोर. खारं निघालं तर गाव यादीत. आणि पुढच्या तालुक्यात बाटल्या लोकांच्याच हाती द्यायच्या की नाही, हे त्यांनी बाईलाच विचारलं. ती म्हणाली, "द्यायच्या, सर. फक्त आधी एक प्रश्न विचारायचा, तुमच्या घरात माठ किती?"

खात्याचे लोक पुन्हा आले तेव्हा हापशीभोवती लग्नाला जमावी तशी गर्दी. मी स्वतः हापसलं. बाईने बादलीत खारेपणा मोजायच्या मीटरची कांडी बुडवली. मीटरवरचे आकडे भराभर चढू लागले, आणि जसे चढले तसा माझा जीव भांड्यात पडू लागला. बाईने सरळ आमच्याकडे बघून सांगितलं, "खारं आहे. खूप खारं." बाप्पा, काय टाळ्या पडल्या! कोणी शिट्टी मारली. आपलं पाणी वाईट निघालं म्हणून नाचणारं गाव मी जन्मात पाहिलं नव्हतं. सरपंच सगळ्यांना सांगत सुटले, "मी म्हनलं नव्हतं? आमच्यासारखं खारं पानी तालुक्यात नाही!" चारही ठिकाणी तेच निघालं. पुढे सुधारलेला नकाशा लागला त्यात आमचं गाव लाल आहे, पहिल्या टप्प्यात. तो नकाशा आता ग्रामपंचायतीत टांगलेला आहे आणि मी त्या बाजूने गेले की एकदा आत डोकावून बघते.

त्या दुपारी काम आटपल्यावर बाई आमच्या घरी आली. ऊन मी म्हणत होतं. ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "आजी, पाणी देता का?"

सासूबाई उठल्या. त्यांचा हात सवयीने लाल माठाच्या पितळी झाकणावर गेला.

"त्यातलं नको," बाई म्हणाली. "तुम्ही पिता ते द्या."

"माया घरी पाव्हन्याले खारं भेटत नाही," सासूबाई ठासून म्हणाल्या.

"मग मी तहानलेलीच जाते."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हातारी झाकणावर हात ठेवून किती तरी वेळ उभी होती. मग तिने झाकण सोडलं, मोठ्या माठाकडे गेली, गिलास भरला आणि नजर दुसरीकडे करून बाईपुढे धरला. पाव्हन्याला खारं पाणी देताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

बाईने घोट घेतला. तिचे डोळे भरून आले. तो चेहरा मी ओळखला, तो माझाच होता, तीस वर्षांपूर्वीचा. मला वाटलं आता ठेवेल गिलास. तिने ठेवला नाही. एका दमात सगळा संपवला, उलट्या हाताने तोंड पुसलं आणि रिकामा गिलास परत दिला.

सासूबाईंनी तो घेतला, आणि दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला. "झालं. आता तू पाव्हनी नाही राह्यली, पोरी," त्या म्हणाल्या. "घरची झाली."

मी तोंड फिरवून चुलीशी गेले, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि ते कोणाला दिसावं असं वाटत नव्हतं. मग मी चहा ठेवला. मोठ्या माठातल्या पाण्याचा, कोरा.